नकार बँकेचा, माहिती आमची

वैयक्तिक कर्जाचा अर्ज घेताना बँक माणसाकडून काय काय मागते, ते एकदा आठवून पाहावे. पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा, फॉर्म 16, पॅन, आधार, राहत्या घराचा पुरावा, ओळखीच्या दोन माणसांचे फोन नंबर, आणि शिवाय लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल मागवण्याची संमती. एवढे सगळे घेऊन झाल्यावर नकार द्यायचा असेल, तर तो मोबाइलवरच्या एका ओळीत येतो: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. त्या संदेशाला उत्तर पाठवता येत नाही आणि त्याखाली कोणाचे नावही नसते. शाखेत जाऊन विचारले तर टेबलामागचा अधिकारी बऱ्याचदा अगदी प्रामाणिकपणे सांगतो की निर्णय वरून झाला, सिस्टिमने फाइल रिजेक्ट केली, कारण आम्हालाही दिसत नाही.

यावर बहुतेक अर्जदार "सिबिल खराब असेल" अशी स्वतःचीच समजूत घालतात आणि दुसऱ्या बँकेत अर्ज टाकतात. तिथेही जमले नाही तर एजंट गाठतात, आणि गरज अडलीच असेल तर भरमसाट व्याज लावणाऱ्या एखाद्या अ‍ॅपकडे किंवा गावातल्या सावकाराकडे जातात. ज्या बँकेने नाही म्हटले तिलाच लेखी विचारावे, तिच्या निर्णयाचा फेरविचार मागावा, हे फार थोड्यांना सुचते. पैसा बँकेचा, तो द्यायचा की नाही ही तिची मर्जी, अशी एक समजूत त्यामागे असते. आणि एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे हात पसरणे, अशी दुसरी. पहिली समजूत अर्धीच खरी आहे आणि दुसरी पूर्ण चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

जे अर्धे खरे आहे ते आधी मान्य करू. बँक कर्जाने देते तो पैसा ठेवीदारांचा असतो, आणि नाही म्हणायला कचरणारी बँक शेवटी ठेवीदारांनाच बुडवते, हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्या पैशांतले फक्त 1,000 रुपये काढता येत होते; एका बांधकाम समूहाला वाटलेली कर्जे वर्षानुवर्षे दडवून ठेवल्याचा तो परिणाम होता. पुण्याच्या रुपी बँकेचे खातेदार 2013 पासून निर्बंधांखाली होते आणि 2022 मध्ये तिचा परवानाच गेला. ज्यांनी आपल्या आईवडिलांना अशा बँकांच्या बंद दारांपुढे उभे राहिलेले पाहिले आहे, ते कर्ज मिळणे हा प्रत्येक अर्जदाराचा हक्क असावा असे म्हणणार नाहीत. मीही म्हणत नाही.

मात्र नकाराच्या निर्णयात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. अर्जदाराची मिळकत अमुक आहे, आधीचे हप्ते अमुक आहेत, अमुक खात्यावर थकबाकी आहे, नोकरी अमुक वर्षांची आहे, या झाल्या वस्तुस्थितीच्या बाबी. अशा वस्तुस्थितीच्या माणसाला आम्ही कर्ज देऊ इच्छित नाही, हा झाला त्यावरचा व्यापारी निवाडा. निवाडा बँकेचा आहे आणि तो तिच्याकडेच राहावा. पण वस्तुस्थिती अर्जदाराची आहे, आणि ती चुकीची नोंदली गेली असेल तर ते दाखवून देण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे. अपिलाचा खरा विषय हा आहे. बँकेने उदार व्हावे अशी विनंती त्यात नसते. ज्या माहितीवर निर्णय उभा आहे ती दाखवा आणि ती खोटी किंवा अपुरी असेल तर दुरुस्त माहितीवर पुन्हा पाहा, एवढीच मागणी असते.

नियम या मागणीच्या बाजूने आहेत, आणि ते नवेही नाहीत. मे 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांसाठी न्याय्य व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अर्जाची पोच द्यावी आणि 2 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज नाकारल्यास नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे त्यांत होते. मार्च 2007 मध्ये ही रकमेची मर्यादा काढून टाकण्यात आली आणि क्रेडिट कार्डाच्या अर्जांसह सर्व प्रकारच्या कर्जांना लेखी कारणांचा नियम लागू झाला. पतमाहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्यातले 21 वे कलम अर्जदाराला आणखी एक अधिकार देते: बँकेने त्याच्याविषयी मागवलेल्या पतमाहितीची प्रत तो बँकेकडूनच मागू शकतो आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेऊ शकतो, त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. या कायद्याखालील 2006 चे विनियम तर स्पष्टच सांगतात की पतअहवालाच्या आधारे कर्ज नाकारले असेल तर 30 दिवसांच्या आत नकाराची लेखी सूचना, नेमकी कारणे, अहवालाची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचे नाव व पत्ता अर्जदाराला पाठवला पाहिजे. मागितल्यावर देणे वेगळे आणि न मागता पाठवणे वेगळे. इथे जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. आपल्या ओळखीत ज्यांची कर्जे नाकारली गेली त्यांना सहज विचारून पाहावे, की अहवालाची प्रत जोडलेले असे पत्र कितीजणांना आले. मी विचारले आहे. एकालाही आलेले नव्हते.

माझ्या ओळखीतले एक प्राथमिक शिक्षक आहेत. आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी ज्या बँकेत चौदा वर्षे पगार जमा होतो तिच्याकडेच 4 लाखांचे कर्ज मागितले आणि त्यांना वर दिलेला एका ओळीचा संदेश आला. गुरुजी नेटके गृहस्थ आहेत. त्यांनी एका पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावरून आपला अहवाल काढला, तो स्वच्छ होता. तो घेऊन शाखेत गेले, तर तिथे त्यांना कारण मिळाले नाही. मग त्यांनी लेखी अर्ज दिला. उत्तरात पुन्हा तेच अंतर्गत धोरण. दुसऱ्या अर्जात त्यांनी 2007 च्या नियमाचा आणि 21 व्या कलमाचा उल्लेख केला, तेव्हा कुठे एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले आणि त्यात पहिल्यांदा एक कामाचा शब्द होता: जामीनदार. सहकाऱ्याच्या गाडीच्या कर्जाला ते एका नागरी सहकारी बँकेत जामीन राहिले होते. ते कर्ज कधीच फिटले होते, सहकाऱ्याकडे बेबाकी दाखलाही होता, पण त्या बँकेने खाते बंद झाल्याची नोंद पुढे पाठवलीच नव्हती. मग गुरुजींनी काढलेला अहवाल स्वच्छ कसा? देशात अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. गुरुजींनी एकीचा अहवाल पाहिला होता आणि बँकेने दुसरीचा.

हा तपशील मी मुद्दाम लांबवून सांगितला, कारण सगळा वाद त्यात सामावलेला आहे. आपण रोजच्या बोलण्यात 'सिबिल' हा शब्द एकाच वस्तूसाठी वापरतो, जणू 300 ते 900 यांच्या मधला एकच आकडा प्रत्येकाच्या कपाळावर लिहिलेला आहे. प्रत्यक्षात चार वह्या आहेत, त्या चारही वह्यांत वेगवेगळ्या बँकांनी पाठवलेल्या नोंदी आहेत, आणि कोणत्या बँकेने कोणती वही उघडून पाहिली हे तिने सांगितल्याखेरीज कळायला मार्ग नाही. म्हणून अहवालाची प्रत आणि कंपनीचे नाव देण्याचा नियम हा उपचार नाही. त्याच्याशिवाय दुरुस्ती कुठे करायची हेच ठरत नाही. गुरुजींची नोंद पुढे महिनाभरात सुधारली. तोवर घरातले सोने गहाण पडले होते आणि शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

मग हे नियम असूनही पाळले का जात नाहीत? एक कारण असे की ते मोडल्याने बँकेचे काही बिघडत नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पण 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेने बँकेच्या व्यापारी निवाड्याविषयीच्या किंवा व्यापारी निर्णयाविषयीच्या तक्रारी आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. लोकपालाने बँकेच्या वतीने कर्जे मंजूर करत बसू नये. मात्र या शब्दांचा व्यवहारातला उपयोग असा होतो की कर्जाच्या नकाराविषयीची कुठलीही तक्रार, मग ती कारण न दिल्याची असो की अहवालाची प्रत न दिल्याची, 'व्यापारी निर्णय' या एका शिक्क्याखाली दडपून टाकणे सोपे जाते. याआधीची 2006 ची बँकिंग लोकपाल योजना या बाबतीत अधिक स्पष्ट होती. तक्रारीच्या कारणांची यादीच तिने दिली होती आणि त्या यादीत, सबळ कारण न देता कर्जाचा अर्ज न स्वीकारणे व न्याय्य व्यवहार संहितेचे पालन न करणे ही कारणे नावानिशी होती. 2021 मध्ये यादी काढून 'सेवेतील त्रुटी' असा व्यापक शब्द आला. व्यापक शब्दाने तक्रारदाराचे हात मोकळे होतात हे कबूल, पण सामान्य माणसाला बोट ठेवून दाखवता येईल असे वाक्य त्यात राहिले नाही. बँका ग्राहकांच्या तक्रारी तपासायला स्वतःच जे अंतर्गत लोकपाल नेमतात, त्यांच्यासाठी डिसेंबर 2023 मध्ये जे निर्देश आले त्यांत मात्र एक महत्त्वाची ओळ आहे: व्यापारी निर्णयाच्या प्रकरणांतही सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राह्य धरावी. कारण न देणे ही सेवेतील त्रुटी नसेल तर दुसरी कोणती, हे मला समजत नाही. ही ओळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या योजनेतही तितक्याच स्पष्टपणे लिहिली जावी, ही माझी पहिली मागणी आहे.

'अंतर्गत धोरण' हे कारण होऊ शकते का, हा यापुढचा प्रश्न. अमेरिकेत समान पतसंधीच्या कायद्याखालील नियमांनी याचे उत्तर थेट दिले आहे: नकार आमच्या अंतर्गत निकषांमुळे किंवा धोरणामुळे दिला, किंवा अर्जदाराला पुरेसे गुण मिळाले नाहीत, एवढे सांगणे कारण म्हणून अपुरे आहे, नेमके मुख्य कारण सांगावे लागते. आपल्या नियमांत मुख्य कारणे द्या असे म्हटले आहे, पण काय म्हटलेले कारण धरले जाणार नाही हे म्हटलेले नाही, आणि त्या फटीतून सगळी यंत्रणा निसटते. घर का पडले असे विचारल्यावर "ते कोसळले" हे उत्तर जितके उपयोगाचे, तितकेच हे अंतर्गत धोरण.

यावर बँकेतली मंडळी सांगतील की कधी कधी कारण खरोखरच धोरणाचे असते. ते खरे आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांचे जोखीमभार 100 टक्क्यांवरून 125 टक्के केले. म्हणजे त्याच वैयक्तिक कर्जासाठी बँकेला अधिक भांडवल बाजूला ठेवणे भाग पडले. अशा वेळी एखादी बँक हात आखडता घेते आणि काल ज्याला सहज कर्ज मिळाले असते त्याला आज मिळत नाही. अर्जदारात काहीही खोट नसते. पण मग तेच सांगा ना! या महिन्यात या प्रकारची कर्जे आम्ही कमी केली आहेत, एवढे कळले तर माणूस निष्कारण स्वतःला दोष देणार नाही आणि घाईघाईने आणखी पाच ठिकाणी अर्ज टाकणार नाही. हे पाच अर्ज निरुपद्रवी नसतात. प्रत्येक अर्जानिशी बँक अहवाल मागवते, त्या मागणीची नोंद अहवालात उमटते, आणि थोड्या दिवसांत अशा अनेक नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरत आहे असे वाटते. एका बँकेने कारण लपवल्याचा भुर्दंड असा अर्जदाराच्या पुढच्या अर्जांवर पडतो.

धोरण या शब्दाआड दुसरेही काही लपू शकते. काही वस्त्या, काही पिनकोड, काही पेशे बँका आणि वित्तकंपन्या टाळतात, हे कर्जाच्या एजंटांना तोंडपाठ असते. वकील, पोलीस, पत्रकार यांची फाइल अवघड जाते असे ते उघड बोलतात. पेशा पाहून जोखीम मोजणे बेकायदा आहे असे मी म्हणणार नाही. पण कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करू नये असे हीच न्याय्य व्यवहार संहिता बजावते, आणि पिनकोड टाळण्याच्या सबबीखाली एखाद्या समाजाचीच वस्ती टाळली जाते की नाही हे ओळखण्याचा कारण कळण्याखेरीज दुसरा कोणता मार्ग आहे?

फेरविचाराची पद्धत भारतीय बँकांना परकी आहे असेही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांबाबत रिझर्व्ह बँकेची जुनी सूचना आहे की त्यांचा अर्ज शाखेच्या पातळीवर नाकारू नये, वरच्या पातळीवर नाकारावा आणि कारणे स्पष्ट नोंदवावीत. शैक्षणिक कर्जांच्या आदर्श योजनेत बँकांच्या संघटनेनेच म्हटले आहे की नकार द्यायचा तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने द्यावा आणि विद्यार्थ्याला कारण कळवावे. शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांसाठी अर्ज कधी आला, मंजूर झाला की फेटाळला आणि का, याची नोंदवही ठेवायची असते. म्हणजे दोन डोळ्यांनी पाहिलेला निर्णय आणखी दोन डोळ्यांनी पाहावा हे सूत्र आपण कधीच स्वीकारलेले आहे. फक्त पगारदाराचे, छोट्या व्यावसायिकाचे वैयक्तिक कर्ज त्याच्या बाहेर राहिले आहे. एकेकाळी याची फारशी गरज नव्हती, कारण शाखाधिकारी अर्जदाराला ओळखत असे, समोर बसवून चार प्रश्न विचारत असे आणि नाही म्हणायचे तर तोंडावर म्हणत असे. त्या पद्धतीत वशिला होता, जातपात होती, चहापाणी होते, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात नकाराला चेहरा होता. आता संगणक काही मिनिटांत निर्णय देतो आणि चेहरा गेला. त्याच्या जागी काही आले नाही.

फेरविचाराने खरोखर काही बदलते का? ब्रिटनमधील मोठ्या बँकांनी 2011 मध्ये छोट्या उद्योगांसाठी एक व्यवस्था सुरू केली. ज्यांचे कर्ज नाकारले गेले त्यांना त्याच बँकेकडे अपील करता यायचे, मूळ निर्णयात नसलेला अधिकारी 30 दिवसांत ते पाहायचा, आणि प्राध्यापक रसेल ग्रिग्ज हे बाहेरचे परीक्षक सगळ्या व्यवस्थेवर देखरेख ठेवून अहवाल प्रसिद्ध करायचे. पहिल्याच वर्षी सुमारे 40 टक्के अपिलांत बँकांनी आपला निर्णय बदलला. ती कर्जे उद्योगांची होती, वैयक्तिक नव्हती, आणि अपील करणारे बहुधा आपली बाजू भक्कम असलेलेच असणार, हे ध्यानात घेऊनही तो आकडा बोलका आहे. कोणी सक्ती केली म्हणून हे निर्णय बदलले नाहीत. बँकांनीच पुन्हा पाहिले आणि पहिल्या वेळी काहीतरी सुटल्याचे त्यांना दिसले. सुटलेले कर्ज म्हणजे सुटलेले व्याजही. अपिलाकडे उपद्रव म्हणून पाहणाऱ्या बँकेने हा हिशेबही मांडावा.

खर्चाचा आक्षेप येईल. लाखो अर्ज येतात, प्रत्येक नकाराचा माणसाकडून फेरविचार कसा परवडेल? पण प्रत्येक नकारावर अपील होणारच नाही. ज्याला कारण पटले तो गप्प बसेल, आणि कारण नेमके असेल तर ते बहुतेकांना पटते. हप्त्यांत आधीच निम्मा पगार जातो असे आकड्यांसह सांगितले, तर कोण कशाला अपील करील? अपिलांची संख्या वाढते ती कारण गूढ ठेवल्याने. दुसरा आक्षेप असा की कारणे उघड केली तर लबाड लोक निकष ओळखून त्याप्रमाणे कागद रंगवतील. संपूर्ण गुणपद्धती उघड करा असे कोणी म्हणत नाही. या एका अर्जात काय कमी पडले तेवढे सांगा, असे म्हणणे आहे. आणि खोटी पगारपावती आणणारा आजही आणतोच, त्यासाठी तो नकारपत्राची वाट पाहत नाही.

संगणकी निर्णयाचे कारण सांगताच येत नाही, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो तंत्रज्ञानाच्या भाषेत येतो आणि ऐकणारा दबतो. डिसेंबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने शूफा या जर्मन पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात ठरवले की कर्जदाता जर गुणांवरच भिस्त ठेवून निर्णय घेत असेल, तर गुण काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो आणि त्याला संबंधित संरक्षणे लागू होतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी नेमलेल्या समितीने, जिचे अध्यक्ष मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य होते, ऑगस्ट 2025 मध्ये सात सूत्रे मांडली आणि त्यांतले एक सूत्र असे की यंत्रणेची घडणच समजून घेता येण्याजोगी असावी. सूत्र उत्तम आहे. ते सक्तीच्या नियमात उतरेपर्यंत मात्र साधा निकष लावावा: ज्या निर्णयाचे कारण बँकेलाच सांगता येत नाही, तो निर्णय बँकेने घेतलेला नाही, आणि मग त्याला 'व्यापारी निवाडा' म्हणण्याचाही तिला अधिकार नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्रात राजकीय आवाज उठला तो शेतकऱ्यांच्या निमित्ताने. मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. पेरणीच्या तोंडावर अडलेल्या शेतकऱ्याला त्या इशाऱ्याने धीर आला असेल, पण हा मार्ग मला पटत नाही. नोंद पाहूच नका असे बँकेला दरडावल्याने ती नोंद पुसली जात नाही. ती तिथेच राहते आणि उद्या त्याच शेतकऱ्याचा मुलगा वडिलांना सहकर्जदार करून शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला की पुन्हा वर येते. तडजोड करून फेडलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' हा शेरा वर्षानुवर्षे का राहतो, बँकेने नोंद वेळेवर का सुधारली नाही, हे विचारण्याची सवय आणि यंत्रणा शेतकऱ्याला मिळाली तर ती इशाऱ्यापेक्षा जास्त टिकेल. जानेवारी 2025 मध्ये बँकांना दर पंधरवड्याला नोंदी पाठवणे बंधनकारक झाले, आणि तक्रार 30 दिवसांत सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची आहे, हा नियम तर एप्रिल 2024 पासूनच आहे. बैठकीत या भरपाईचा हिशेब मागितला असता तर बँकांना ते अधिक झोंबले असते.

अर्जदारांच्या बाजूनेही काही उणे आहे. अपील म्हणून लोक जे लिहितात ते पुष्कळदा गाऱ्हाणे असते: मी इतक्या वर्षांचा खातेदार, माझ्या घरात आजारपण आहे, अमुकला दिले मग मला का नाही. यातले सगळे खरे असले तरी त्याने निर्णयाच्या पायातला एकही दगड हलत नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, 2017 पासून ही सोय आहे; ते अहवाल आधी काढावेत, आपण स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. मग बँकेला लेखी विचारावे की मुख्य कारण काय, आणि कोणत्या कंपनीचा कोणत्या तारखेचा अहवाल वापरला. कारण हाती आले की त्याला कागदाने उत्तर द्यावे: जुने कर्ज फिटल्याचा दाखला, वाढलेल्या पगाराची पावती, बंद केलेल्या कार्डाचे पत्र. आणि कारण बरोबर निघाले, हप्ते खरोखरच झेपणारे नसतील, तर बँकेचा नकार आपल्या भल्याचा आहे हे मान्य करण्याची तयारी ठेवावी. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी: केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून त्यांचा अर्ज नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे, आणि किमान अमुक गुण हवेत असे तिने ठरवून दिलेले नाही, हे ऑगस्ट 2025 मध्ये अर्थराज्यमंत्र्यांनी संसदेत स्पष्ट केले. "सिबिलच नाही, काही करता येत नाही" हे उत्तर मिळाले, तर तेवढ्यावर उठून येऊ नये.

बँकांकडून माझी अपेक्षा मोजकी आहे. नकाराच्या संदेशातच कारण, अहवालाची प्रत आणि फेरविचार मागण्याचा दुवा असावा. मूळ निर्णयाशी संबंध नसलेल्या, नाव असलेल्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत तो अर्ज पाहावा. आणि वर्षभरात किती फेरविचार आले व किती निर्णय बदलले हे आकडे बँकेने आपल्या वार्षिक अहवालात छापावेत, कारण आकडे छापावे लागले की कामाला आपोआप शिस्त येते. शिवाय हे सगळे अर्जदाराच्या भाषेत असावे. बिगरबँक वित्तकंपन्यांना कर्जदाराला समजेल अशा भाषेत पत्रव्यवहार करण्याचा नियम आहेच. गुरुजींनी ज्या अ‍ॅपवर अर्ज भरला, त्याच्या पहिल्याच पानावर भाषा निवडायला सांगितले होते आणि त्यांनी मराठी निवडली होती. कर्ज किती हवे, कशासाठी हवे, पगार किती, असे सगळे प्रश्न त्या अ‍ॅपने त्यांना चांगल्या मराठीत विचारले. नकार इंग्रजीत आला. नंतर आलेले ते जामीनदारवाले पत्रही इंग्रजीत होते, आणि तो एक शब्द नेमका कशाविषयी आहे हे उमगायला त्यांना आपल्या मुलीला बोलवावे लागले.